पदपथावरचा कलावंत आणि परवान्याचा कागद

शाखेत कर्जविभागाचे काम पाहत असताना, २०१८ साली, एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले. वय पन्नाशीच्या आसपास, खांद्याला कापडी पिशवी आणि बोटांना काळ्या शाईचे डाग. शहरातील जुन्या वास्तूंची रेखाचित्रे काढून ती पदपथावर विकणे हा त्यांचा व्यवसाय होता. कागद, शाई आणि लाकडी चौकटी यांच्या खरेदीसाठी त्यांना अल्प रकमेचे कर्ज हवे होते. अर्जातील ‘व्यवसायाचा पत्ता’ या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : ‘पोस्टासमोरील पदपथ, दिव्याच्या तिसऱ्या खांबाजवळ.’

पत्ता खरा होता. मी स्वतः येता-जाता त्यांना तेथे बसलेले पाहिले होते. परंतु त्या पत्त्याला दुजोरा देणारा एकही कागद त्यांच्यापाशी नव्हता. दुकानाचा परवाना नाही, भाडेपावती नाही, आपण हा व्यवसाय करतो असे सांगणारा कोणत्याही अधिकृत संस्थेचा दाखला नाही. अर्ज परत करावा लागला. ‘चित्र काढून दाखवू का?’ असे त्यांनी जाताना विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तो प्रश्न मात्र मनात राहिला. रस्त्यावर बसून स्वतःची कला विकणाऱ्या माणसाला शहराने मान्यता द्यावी कशी? तो कलावंत आहे, की फेरीवाला? हे ठरवायचे कोणी, आणि कोणत्या कसोटीवर? जगातील काही शहरांनी या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे. त्यांपैकी एका शहराची व्यवस्था तर ‘चित्र काढून दाखवू का?’ या प्रश्नावरच उभी आहे. प्रस्तुत लेखात त्या व्यवस्थेची ओळख करून घेऊ, आणि आपल्या देशातील कायद्याशी तिची तुलनाही करू.

पदपथ कोणाचा?

पदपथ हा मुळात चालणाऱ्यांसाठी असतो, याबद्दल दुमत नाही. पण त्यावर आणखी दोघांचे लक्ष असते. एक, भाडे आणि कर भरून बाजूला दुकान थाटलेला व्यापारी. त्याला आपल्या दारासमोर गर्दी नको असते. दुसरा, ज्याला दुकान परवडत नाही असा विक्रेता. त्याची सारी उपजीविका त्या चार हात जागेवर अवलंबून असते. या तिघांमध्ये तोल सांभाळण्यासाठी शहरापुढे तीन मार्ग असतात : सरसकट बंदी घालणे, डोळेझाक करणे, किंवा नियम करून परवाना देणे.

यांतील डोळेझाकीचा मार्ग वरकरणी सर्वांत उदार वाटतो. प्रत्यक्षात विक्रेत्याला तोच सर्वाधिक महाग पडतो. आज बसू दिले म्हणून उद्या बसू देतीलच, याची खात्री नसते. माल केव्हाही उचलला जाऊ शकतो. ज्याला उद्याची खात्री नाही, तो चांगला कागद विकत घेत नाही, मोठे चित्र हाती घेत नाही आणि बचतही करू शकत नाही. अनिश्चितता हा एक अदृश्य करच आहे आणि तो सर्वांत गरीब माणसाला भरावा लागतो.

सॅन फ्रान्सिस्को : हाताची परीक्षा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरात १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी तरुण कारागीर मोठ्या संख्येने रस्त्यावर वस्तू विकू लागले. मेणबत्त्या, चामड्याचे पट्टे, मण्यांचे दागिने, चित्रे असा तो माल असे. विनापरवाना फेरीविक्री केल्याबद्दल पोलीस त्यांना अटक करीत. दुकानदारांच्या तक्रारी होत्या, कारागिरांचा संतापही होता. अखेर १९७२ पासून या कारागिरांना परवाने देण्याचे काम शहराच्या कला आयोगाकडे आले. हा आयोग १९३२ साली स्थापन झालेला आहे. पुढे नोव्हेंबर १९७५ मध्ये शहराच्या मतदारांनीच ‘प्रस्ताव एल’ मंजूर करून पथकलावंतांविषयीच्या नियमांना भक्कम आधार दिला. पदपथावर कोणी बसावे, हा प्रश्न मतपेटीतून सुटावा ही घटना उल्लेखनीय म्हटली पाहिजे.

या व्यवस्थेचे मर्म एका वाक्यात सांगता येते. विक्रीस ठेवलेली वस्तू विकणाऱ्याने स्वतःच्या हाताने घडविलेली असली पाहिजे. ती सुंदर आहे की नाही, हे आयोग ठरवीत नाही. चित्रकार थोर आहे की सामान्य, याच्याशीही त्याला कर्तव्य नाही. सौंदर्याचा निवाडा गिऱ्हाइकाने करावा. आयोगाने फक्त हाताचा खरेपणा तपासावा, असे हे श्रमविभाजन आहे.

ही तपासणी कागदोपत्री होत नाही. परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याने आपली हत्यारे, कच्चा माल, अर्धवट झालेल्या आणि पूर्ण झालेल्या वस्तू घेऊन परीक्षकांसमोर यावयाचे आणि वस्तू कशी घडते हे करून दाखवावयाचे, अशी पद्धत तेथे रूढ झाली. हे काम ‘पथकलावंत व हस्तकला परीक्षकांची सल्लागार समिती’ या पाच सदस्यांच्या समितीकडे सोपविलेले होते. कला आणि कारागिरी यांची जाण असलेल्या व्यक्ती तीत असत. शंका आल्यास कलावंताची कार्यशाळा पाहण्याचीही तरतूद होती.

‘स्वतः घडविलेली’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. चित्रकार कॅनव्हास विणत नाही आणि दागिने करणारा चांदी खणून काढीत नाही. म्हणून प्रत्येक कलाप्रकारासाठी स्वतंत्र निकष तयार करण्यात आले. त्यांचा आशय असा, की बाजारातून आणलेल्या वस्तूत कलावंताच्या श्रमाने आणि कौशल्याने भरीव बदल झाला पाहिजे. कातडे कापून, रंगवून, शिवून पट्टा करणे ही कारागिरी झाली. तयार पट्ट्याला नुसते बक्कल जोडणे ही कारागिरी नव्हे. कुटुंबातील माणसे मिळून काम करीत असतील, तर त्यांचा ‘कुटुंब घटक’ म्हणून विचार होऊ शकतो. मात्र त्यांच्यात मालक आणि नोकर असे नाते असता कामा नये. पगारी माणसे ठेवून माल तयार करवून घेणाऱ्याला या दाराने आत येता येऊ नये, हा त्यामागील हेतू स्पष्टच आहे.

जागेची सोडत

परवाना मिळाला, तरी बसावयाचे कोठे? पर्यटकांची गर्दी असणाऱ्या फिशरमन्स वार्फसारख्या ठिकाणी जागा मोजक्या आणि इच्छुक अनेक, अशी स्थिती नेहमीच असते. जागा कायमच्या नेमून दिल्या, तर पहिल्या आलेल्यांची मक्तेदारी निर्माण होते. ‘जो आधी येईल त्याची जागा’ असा नियम केला, तर धडधाकट माणूस म्हाताऱ्याला मागे सारतो. यावर तेथील तोडगा होता सोडतीचा. सकाळी परवानाधारक जमत, सोडत निघे आणि त्या दिवसापुरती जागा ठरे. विशेष म्हणजे ही सोडत चालविण्यात कलावंतांचा स्वतःचा सहभाग असे. आज आडबाजूची जागा आली, तर उद्या हमरस्त्यावरची येईल, हा दिलासा प्रत्येकाला मिळे. आपल्याकडील भिशीत ज्यांनी नंबर लागण्याची वाट पाहिली आहे, त्यांना या दिलाशाचे मोल वेगळे सांगावयास नको.

या कार्यक्रमाचा खर्च कलावंतांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून भागविला जातो. करदात्यावर भार नाही, ही त्याची जमेची बाजू. दुसरी बाजूही आहे. परवानाधारकांची संख्या घटली, की तोच प्रशासकीय खर्च थोड्या माणसांवर विभागला जातो आणि शुल्कवाढीचा दबाव येतो. लेखापरीक्षणाची सवय असलेल्या वाचकांच्या हे सहज लक्षात येईल.

व्यवस्थेत उणिवा नव्हत्या, असे नाही. बाहेरून आणलेला यंत्रनिर्मित माल स्वतःचा म्हणून विकला जात असल्याच्या तक्रारी तेथे वारंवार होत राहिल्या. परीक्षेच्या दिवशी दाखविलेला हात आणि रोज मांडलेला माल यांत अंतर पडू शकते. त्यामुळे परवाना देणे हे अर्धेच काम. नियमित पाहणी, तक्रारीची सुनावणी आणि दोष सिद्ध झाल्यास परवाना स्थगित अथवा रद्द करणे हे उरलेले अर्धे. पुढे २०१८ साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून १ जानेवारी २०१९ पासून पदपथावरील विक्रीला फौजदारी गुन्हा मानण्याची पद्धत संपुष्टात आणली. यामुळे पदपथ सर्वच विक्रेत्यांना अधिक खुला झाला. कला आयोगाचा कार्यक्रमही आता ‘कलाविक्रेता कार्यक्रम’ या नावाने ओळखला जातो. इतर मालाच्या गर्दीत ‘हे याने स्वतः केले आहे’ असे सांगणारे प्रमाणपत्र कलावंताच्या उपयोगी पडते ते अशाच वेळी.

न्यूयॉर्क : परवाना नको, पण शिस्त हवी

त्याच देशातील न्यूयॉर्क शहराने अगदी निराळी वाट धरली. तेथे सामान्य वस्तूंच्या पथविक्रीसाठी १९७९ साली ८५३ परवान्यांची मर्यादा घालण्यात आली आणि पुढे कित्येक दशके ती तशीच राहिली. ऐंशी लाख वस्तीच्या शहरात ८५३ परवाने म्हणजे दार बंद असल्यासारखेच. पुस्तके व छापील मजकूर विकणाऱ्यांना १९८२ मध्ये परवान्यातून सूट मिळाली. मग चित्रकारांनी विचारले, की शब्दांना सूट आणि रेषांना का नाही?

हा वाद न्यायालयात गेला. १९९६ साली ‘बेरी विरुद्ध न्यूयॉर्क शहर’ या खटल्यात संघराज्याच्या अपील न्यायालयाने चित्रकारांच्या बाजूने कौल दिला. चित्र हाही विचार व्यक्त करण्याचा मार्ग आहे, त्यास अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे आणि परवान्यांच्या अशा मर्यादेमुळे ते हिरावले जाते, असा त्या निकालाचा आशय होता. तेव्हापासून चित्रे, छायाचित्रे, मुद्राचित्रे आणि शिल्पे विकण्यासाठी तेथे परवान्याची अट राहिली नाही.

तथापि, परवान्यातून सूट म्हणजे नियमांतून सूट नव्हे. टेबल ८ फूट बाय ३ फुटांपेक्षा मोठे नसावे, इमारतीच्या प्रवेशद्वारापासून २० फूट अंतर राखावे, पादचाऱ्यांसाठी पुरेशी वाट मोकळी ठेवावी, असे नियम सर्वांना लागू राहिले. विक्रीकराची नोंदणीही करावी लागतेच. सार्वजनिक उद्यानांत कलाविक्रेत्यांची संख्या वाढल्यावर २०१० मध्ये उद्यान विभागाने काही ठिकाणी जागा निश्चित केल्या. उदाहरणार्थ, युनियन स्क्वेअर उद्यानात १८ आणि ‘हाय लाइन’ या उन्नत उद्यानात ५. या जागा ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या तत्त्वावर होत्या. काही कलावंतांनी हेही नियम न्यायालयात नेले, परंतु २०१३ मध्ये अपील न्यायालयाने ते वैध ठरविले.

दोन्ही शहरांची तुलना केली असता एक मार्मिक भेद ध्यानात येतो. सॅन फ्रान्सिस्को विचारते, ‘हे कोणी घडविले?’ न्यूयॉर्क विचारते, ‘हे काय आहे?’ त्यामुळे हाताने दागिने घडविणाऱ्या कारागिराला पहिल्या शहरात सन्मानाची जागा आहे, तर दुसऱ्या शहरात त्याला सामान्य परवान्याच्या रांगेत उभे राहावे लागते. उलट न्यूयॉर्कमध्ये चित्रे विकणाऱ्याने ती स्वतः काढलेली असावीत, अशी अट नाही. तेथे एकाने काढलेली छायाचित्रे दुसरा विकू शकतो. एका व्यवस्थेत कारागिराच्या श्रमाला संरक्षण आहे, तर दुसरीत नागरिकाच्या अभिव्यक्तीला.

आपल्याकडील स्थिती

भारतात पदपथावरील विक्रीचा प्रश्न दीर्घकाळ न्यायालयांच्या निर्णयांवर चालत होता. १९८९ साली ‘सोदान सिंग विरुद्ध नवी दिल्ली नगरपालिका समिती’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरील व्यवसाय हा राज्यघटनेच्या १९ (१) (छ) अनुच्छेदाच्या कक्षेत येतो असे मान्य केले, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतील असेही स्पष्ट केले. त्यानंतर संसदेने पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ संमत केला. तो १ मे २०१४ पासून अमलात आला.

या कायद्याचा गाभा म्हणजे ‘नगर पथविक्रेता समिती’. महापालिका आयुक्त अथवा मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांमधून निवडून यावे लागतात. त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण करावयाचे, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावयाचे आणि त्यांना विक्री प्रमाणपत्र द्यावयाचे, अशी रचना आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटविता येत नाही. स्थलांतर करावयाचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. जप्त केलेला नाशवंत नसलेला माल, विक्रेत्याने मागणी केल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास वा त्यास कायमचे अपंगत्व आल्यास कुटुंबातील जोडीदार किंवा अवलंबून असलेले अपत्य त्या प्रमाणपत्रावर व्यवसाय पुढे चालवू शकते.

प्रमाणपत्र घेताना विक्रेत्याने लिहून द्यावे लागते, की व्यवसाय मी स्वतः किंवा माझ्या कुटुंबीयांमार्फत करीन, मला उपजीविकेचे अन्य साधन नाही आणि हे प्रमाणपत्र मी भाड्याने देणार नाही. म्हणजे आपला कायदा तिसराच प्रश्न विचारतो : ‘हे कोण विकतो?’ वस्तू कोणी घडविली, याची तो चौकशी करीत नाही. त्यामुळे कलावंत असा वेगळा वर्ग त्यात नाही. मुंबईत काळा घोडा परिसरात जहांगीर कलादालनाच्या आत ज्याची चित्रे लागतात तो चित्रकार, आणि बाहेरच्या पदपथावर समोर बसलेल्या माणसाचे व्यक्तिचित्र काढून देतो तो पथविक्रेता, अशी ही विभागणी आहे.

घडविणाऱ्याचा विचार आपल्याकडे झालाच नाही, असे मात्र नव्हे. दिल्लीत १९९४ साली सुरू झालेल्या ‘दिल्ली हाट’मध्ये देशभरातील कारागिरांना पंधरा-पंधरा दिवसांसाठी आळीपाळीने गाळे देण्याची पद्धत रूढ झाली. केंद्र शासनाच्या हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडून कारागिरांना ‘पहचान’ ओळखपत्रही दिले जाते. ओळखपत्र, फिरती जागा आणि कारागिराला प्राधान्य ही तिन्ही सूत्रे आपल्या हाताशी आहेत. ती प्रत्येक शहराच्या पदपथापर्यंत पोहोचावयाची आहेत, एवढेच.

कागदातून पत, पतीतून भांडवल

आपण बँकेची माणसे. परवान्याच्या कागदाकडे आपण वेगळ्या दृष्टीने पाहतो. पोलिसाला तो दाखविला, की माल वाचतो. बँकेत दाखविला, की भांडवल उभे राहते. १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या ‘पंतप्रधान स्वनिधी’ योजनेने नेमका हाच दुवा जोडला. पथविक्रेत्याकडे विक्री प्रमाणपत्र असल्यास उत्तम. पण सर्वेक्षणातून जो सुटला असेल, त्यालाही नागरी स्थानिक संस्थेचे अथवा नगर पथविक्रेता समितीचे शिफारसपत्र घेऊन विनातारण कर्जासाठी अर्ज करता येतो. या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत पथविक्रेत्यांच्या मालाची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत भाजी, फळे, चहा यांच्याबरोबर कारागिरीच्या वस्तूंचाही स्पष्ट उल्लेख आहे. पदपथावर आपली कला विकणाऱ्यांनी हे आवर्जून ध्यानात ठेवावे.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजनेची फेररचना मंजूर करून कर्जवाटपाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढविली. पहिला हप्ता १०,००० रुपयांवरून १५,००० रुपयांपर्यंत, दुसरा २०,००० वरून २५,००० रुपयांपर्यंत वाढला. तिसरा ५०,००० रुपयांपर्यंत कायम आहे. वेळेवर परतफेड करणाऱ्यास ७ टक्के व्याज अनुदान आहे आणि दुसरे कर्ज फेडणाऱ्यास युपीआयशी जोडलेल्या रूपे क्रेडिट कार्डाचीही सोय आहे. पंधरा हजारांत उत्तम कागद, शाई आणि काही डझन चौकटी सहज येतात.

परवाना हे केवळ निर्बंधाचे साधन आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो सर्वस्वी चुकीचा नाही. संख्येची मर्यादा घालून दार बंद करणारा परवाना तसाच असतो. परंतु चांगला परवाना वेगळा ओळखू येतो. माणसाला उत्तर देता येईल असाच प्रश्न तो विचारतो, जागेवर मर्यादा घालतो पण हातावर घालीत नाही, आणि नियम करणाऱ्यांच्या बैठकीत कलावंतालाही खुर्ची देतो. त्या बदल्यात जो कागद मिळतो, त्यामुळे दयेवर बसलेला माणूस हक्काने बसू लागतो.

प्रारंभी उल्लेखिलेले गृहस्थ पुन्हा आमच्या शाखेत आले नाहीत. स्वनिधी योजना सुरू झाल्यावर मी त्यांचा शोध घेतला. दिव्याच्या तिसऱ्या खांबाजवळ आता दुचाकींचा वाहनतळ आहे. त्यांना योजनेची माहिती देण्याची माझी संधी हुकली. शाखेतील सहकाऱ्यांना म्हणूनच विनंती, की असा अर्जदार समोर आल्यास ‘कागद नाहीत’ एवढे सांगून थांबू नये. कोणता कागद, कोणत्या कार्यालयातून मिळेल, हेही सांगावे. आणि वाचकहो, आपल्या ओळखीचा एखादा चित्रकार, खेळणी किंवा दागिने घडविणारा पदपथावर बसत असेल, तर नगरपालिकेचे शिफारसपत्र मिळते, एवढी माहिती त्याच्यापर्यंत अवश्य पोहोचवावी.